सांभाळायला दिलेली मुले: देण्याचा आणि जाऊन पाहण्याचा इतिहास

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीवरची, जेमतेम दहा वर्षांची एक मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली, आणि ती नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राहत होती हे त्यानंतर सर्वांना कळले. थोडे पैसे आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात त्या परिसरातील आणखीही मुले अशीच दिली गेल्याचे उघड झाले, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हे नोंदवले गेले. कायदा ज्याला वेठबिगारी म्हणतो, त्याला गावाकडे ‘पोर सांभाळायला दिलं’ असे म्हटले जाते, आणि ते म्हणणे सर्वस्वी खोटे नसते; घरात खायला नाही, तिकडे निदान दोन वेळची भाकरी मिळेल, हा विचार त्यामागे खरोखरच असतो. परक्या घरी वाढलेल्या आणि तिथे छळ सोसलेल्या मुलांचा प्रश्न समजून घ्यायचा, तर या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण मूल देण्याची रीत फार जुनी आहे आणि दिल्यावर जाऊन पाहण्याची रीत अगदी अलीकडची.

इतर देशांतही क्रम हाच होता. अमेरिकेत १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्कमधील निराधार मुले आगगाड्यांत बसवून दूरच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवली गेली. गावोगाव त्यांना लोकांसमोर उभे करीत आणि ज्याला जे मूल हवे ते तो घेऊन जाई. काहींना घर मिळाले, काहींना नुसते काम. इंग्लंडमध्ये ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशरमधील एका शेतघरात उपासमारीने आणि मारहाणीने मेला. त्याला तिथे सरकारी यंत्रणेनेच ठेवले होते. मृत्यूच्या काही आठवडे आधी तिथे भेट झाली होती, मुलाला हलवावे असे सुचवलेही गेले होते, परंतु त्यावर वेळेत काही झाले नाही. चौकशी बसली, देश हादरला आणि १९४८ चा बालक कायदा आला. त्याच घरात राहणारा डेनिसचा धाकटा भाऊ मात्र वाचला. त्याने न्यायालयात साक्ष दिली, पुढे आयुष्य उभे केले, आणि आपली सगळी हकिगत पुस्तकरूपाने सांगितली ती २०१० मध्ये, पासष्ट वर्षांनी. हा पासष्ट वर्षांचा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

नाशिक ज्या मुंबई इलाख्यात होते, तिथे बालकांसाठीचा पहिला कायदा १९२४ चा, दुसरा १९४८ चा. निराधार मूल संस्थेऐवजी एखाद्या ‘योग्य व्यक्ती’च्या हवाली करण्याची सोय त्यांत होती, मात्र व्यवहारात भर राहिला तो रिमांड होमवर, आणि नाशिककरांच्या बोलण्यात उंटवाडीच्या बालगृहाला आजही तेच नाव चिकटलेले आहे. देशभरासाठी बालन्याय कायदा १९८६ मध्ये झाला, २००० च्या कायद्याने बालकल्याण समित्या आणल्या आणि २०१५ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमाने प्रतिपालक कुटुंबाची व्यवस्था सविस्तर मांडली. मूल दत्तक न देता ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणे, असा तिचा अर्थ. त्या घराची समितीने दरमहा तपासणी करावी, असेही हे कलम सांगते. महाराष्ट्रात याच्या शेजारी बालसंगोपन योजना आहे, जिचे अनुदान दीर्घकाळ महिन्याला ४२५ रुपये होते आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. सव्वाचारशे रुपयांत मूल वाढत नाही, हे समजायला शासनाला इतकी वर्षे लागावीत, याची खंत वाटते.

तपासणी कागदावर आली, तरी घरभेट प्रत्यक्षात कशी होते, यावर सारे अवलंबून असते. भेट देणारी व्यक्ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसते, चहा येतो, मुलाला हाक मारून समोर उभे केले जाते. शाळेत जातोस का, जेवतोस का, असे प्रश्न होतात आणि मूल तोंड उघडण्याआधी घरातली बाई उत्तर देते. मूल मान डोलावते. अहवालात ‘बालक समाधानी’ असे लिहिले जाते. मुलाशी दहा मिनिटे एकट्याने बोलणे, त्याचे अंथरूण कुठे असते ते पाहणे, बाही वर करायला सांगणे, एवढेच वेगळे केले असते तर कित्येक अहवाल निराळे निघाले असते, असे माझे ठाम मत आहे. संस्थांतही धोका कमी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये नाशिक शहरातील एका आश्रमाच्या चालकाला मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा जिल्ह्यात अशा आश्रमांच्या तपासणीची चर्चा सुरू झाली.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. पाच वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्याने गुन्हा ठरवला. लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत हे मोठे पाऊल होते. पण नुसती मारहाण, उपासमार, डागणे यांचे काय? २००० च्या कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या सांभाळकर्त्याला जास्तीत जास्त सहा महिने शिक्षा होती, आणि एवढ्या कमी शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत फौजदारी प्रक्रियेप्रमाणे एक वर्ष असते. म्हणजे २००८ मध्ये दहा वर्षांच्या मुलाला कुणी छळले, तर न्यायालयाने विलंब माफ केला नाही तर या कलमाखालची तक्रार त्याने अकरा वर्षांचा होईपर्यंत करायला हवी होती. २०१५ च्या कायद्याने शिक्षा तीन वर्षांपर्यंत नेली. मुदतही तीन वर्षे झाली. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१७ मध्ये नोंदवले की, पीडितांना आपली गोष्ट पहिल्यांदा सांगायला सरासरी सुमारे चोवीस वर्षे लागली. तिकडे चोवीस वर्षे, डेनिसच्या भावाला तर सगळे सांगायला पासष्ट, आणि इकडे मुदत तीन. ज्यांनी मुदती ठरवल्या, त्यांनी मूल कधी बोलते याचा विचारच केला नव्हता.

आयुष्य पुन्हा उभारण्याचा अभ्यासही उशिराच सुरू झाला. घरातल्या माणसांनी केलेली मारहाण डॉक्टरांनी ओळखायला हवी, हे हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडले. बालपणीच्या छळाचा संबंध प्रौढपणीच्या हृदयविकाराशी, व्यसनांशी आणि नैराश्याशीही असतो, हे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोठ्या अभ्यासाने दाखवले. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये सावरण्याचा जो क्रम सांगितला, त्यात सुरक्षितता पहिली, आठवणींना सामोरे जाणे आणि शोक त्यानंतर, माणसांत पुन्हा मिसळणे शेवटी. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा लावला जातो: आधी ‘झालं गेलं विसरून जा’, मग लग्न.

सुरक्षितता हा शब्द पुस्तकी वाटतो, पण नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागून सिडकोत खोली घेतलेल्या तरुणासाठी त्याचा अर्थ दाराची कडी एवढा साधा असू शकतो. लहानपणी ज्या खोलीत तो झोपला, तिला आतून कडी नव्हती. आता रात्री तो उठून तीनदा कडी चाचपतो. मुकादमाने आवाज चढवला की त्याचे हात थांबतात आणि तो कामचुकार ठरतो. खोलीच्या करारावर कायमचा पत्ता कोणता लिहायचा, येथे त्याची लेखणी अडते. मुलीला तर ‘माहेर कुठलं?’ या साध्या चौकशीलाही उत्तर जुळवावे लागते. अशा वेळी समुपदेशक लागतोच, पण त्याइतकीच गरज जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे खाते आणि अडल्यावेळी फोन उचलणारे एक माणूस, यांची असते.

शासनाने यातले काही केले आहे. ऑक्टोबर २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या बालकांना अर्थसाहाय्य मिळते. एप्रिल २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून अनुरक्षणासाठी, म्हणजे अठरा वर्षांनंतरच्या आधारासाठी, महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. परंतु २०१५ च्या कायद्याने अनुरक्षणाची व्याख्या ‘संस्थेतून बाहेर पडलेल्या’ अठरा ते एकवीस वर्षांच्या व्यक्तींपुरती केली आहे, आणि आरक्षण अनाथांना आहे. इगतपुरीच्या त्या वस्त्यांमधून मेंढ्यांमागे गेलेल्या मुलांचे आईवडील हयात आहेत, आणि ती राहिली ती संस्थेत नव्हे, तर कुणाच्या तरी पालावर. २०२२ मध्ये त्यांच्यातली जी दहा वर्षांची होती, ती २०३० मध्ये अठरा पूर्ण करतील.