प्रेक्षकाचा फोन कलाकृतीत कसा आला: पार्श्वभूमी

फोनवरून लांबची वस्तू चालवणे विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे नाही. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोबाईल स्टार्टरला फोन लावायचा, बटण दाबायचे, मोटर सुरू. 2001 मध्ये बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झवर कलेसाठी असेच झाले. एका इमारतीच्या आठ मजल्यांच्या खिडक्यांमागे 144 दिवे लावले होते. रस्त्यावरचा कोणीही फोन करून, बटणे दाबून त्यांवर पाँग हा चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम खेळू शकत होता.

पुढची वर्षे गेमिंगच्या उपकरणांची. 2006 चा वी रिमोट, म्हणजे निन्टेंडोच्या वी गेमयंत्राचा हातातला रिमोट, हालचाल टिपायचा आणि ब्लूटूथवर चालायचा, म्हणून कलाकारांनी तो थेट संगणकाला जोडला. 2010 च्या किनेक्टसाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या शरीराची हालचाल ओळखणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, बाहेरच्यांनी काही दिवसांतच मुक्त ड्रायव्हर (तो संगणकाला जोडणारी प्रणाली) लिहिले. मायक्रोसॉफ्टने आधी नापसंती दाखवली, मग किनेक्टचे यूएसबी पोर्ट मुद्दाम उघडे ठेवल्याचे सांगितले. तोवर फोनमध्येच हालचाल टिपणारे सेन्सर आले होते, आणि पुढे ते ब्राउझरमधूनही वाचता येऊ लागले. अ‍ॅप नको, फक्त पान उघडायचे. गावातल्या मंडपात मांडलेल्या अशा कलाकृतीसाठी याहून सोयीचे काय असणार?

2019 मध्ये ही सोय आवळली गेली. आयफोनच्या ब्राउझरमध्ये हालचालीचे सेन्सर आधी मुळातच बंद ठेवले गेले; मग वापरणाऱ्याने परवानगी दिली तरच सुरू, असे ठरले. इतर प्रमुख ब्राउझरांनीही ते एचटीटीपीएस पानांपुरते, म्हणजे ओळखीचे डिजिटल प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित पानांपुरते, मर्यादित केले. कारण खरे होते: फोनच्या बारीक हालचालींवरून टाइप केलेला पिन ओळखता येतो, हे संशोधकांनी दाखवले होते. परवानगी विचारणे योग्यच. पण एचटीटीपीएसची अट बसली ती इंटरनेट नसलेल्या गावांना. शहरातल्या दालनात प्रमाणपत्राचा प्रश्न सहज सुटतो. गडचिरोलीच्या झाडीत जिथे रेंज नाही, तिथे एक राउटर, एक लॅपटॉप एवढ्यावरच कलाकृतीची मांडणी उभी राहते, आणि राउटरच्या स्थानिक पत्त्याला ब्राउझर सुरक्षित मानत नाही. पान उघडते, स्पर्श कळतो. फोन हलवला तर पडद्यावर काहीच होत नाही. स्थानिक नेटवर्कसाठी सोपी वाट ठेवायला हवी होती, ती ठेवली गेली नाही.

म्हणून अशा ठिकाणी काम पुन्हा अ‍ॅपवर आले. 1997 पासूनची ओपन साउंड कंट्रोल ही संदेशपद्धत वापरणारी अ‍ॅप राउटरवरून लॅपटॉपशी थेट बोलतात. त्यांना प्रमाणपत्र लागत नाही. अँड्रॉइडवर ती एका फोनवरून दुसऱ्यावर इंटरनेटविना पाठवता येतात. आयफोनवाल्यांना मात्र रेंजमध्ये असतानाच उतरवून ठेवावी लागतात.