मुंबई दूरदर्शन केंद्र

मुंबई दूरदर्शन केंद्र : महाराष्ट्रातील पहिले व दिल्लीनंतरचे भारतातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र. वरळी येथील पांडुरंग बुधकर मार्गावरील या केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले होते; दुसऱ्या शहरापर्यंत हे माध्यम पोहोचण्यास १३ वर्षे लागली. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारल्यावर पुणे परिसरातही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. पी. व्ही. कृष्णमूर्ती हे केंद्राचे पहिले संचालक होते.

सुरुवातीला केंद्र आकाशवाणीच्या अखत्यारीत, म्हणजे केंद्र शासनाच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या एका खात्यात होते. प्रसारण व्यवस्थेच्या पाहणीसाठी शासनाने नेमलेल्या चंदा समितीने १९६६ च्या अहवालात नभोवाणी व दूरचित्रवाणी यांसाठी दोन स्वायत्त महामंडळांची शिफारस केली होती. शासनाने त्यांपैकी विभाजन तेवढे स्वीकारले, आणि तेही दहा वर्षांनी : १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. कृष्णमूर्तीच त्याचे पहिले महासंचालक झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून जाहिराती घेण्यास सुरुवात झाली होती. आणीबाणीच्या काळातील या फेरबदलात खाते बदलले, धनी बदलला नाही.

आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा स्वतंत्र न्यास सुचविला. त्यानंतर आलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. आकाशवाणी व दूरदर्शन एका स्वायत्त महामंडळाकडे सोपविणारा प्रसार भारती अधिनियम १९९० मध्ये संमत झाला, तरी तो १५ सप्टेंबर १९९७ पासून अंमलात आला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला होता. अधिनियमाच्या अंमलबजावणीला त्यामुळे गती मिळाली असावी.

१९९७ च्या या घटनेस मालकीतील बदल म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार संसदेच्या कायद्याने निर्माण झालेली ही स्वतंत्र विधिसंस्था असल्यामुळे मुंबईचे केंद्र शासकीय खात्यातून बाहेर पडले. दुसरे मत असे की, निधीसाठी महामंडळ शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहिले, अधिनियमातच शासनाला निदेश देण्याचा अधिकार राखलेला आहे, आणि २०११ च्या दुरुस्तीने जुन्या कर्मचाऱ्यांना शासकीय सेवक म्हणूनच महामंडळाकडे मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे शासनाने तेथे कामासाठी पाठविले आहे असे मानून, ठेवले. विधिदृष्ट्या पहिले मत ग्राह्य असले, तरी केंद्राच्या प्रत्यक्ष कारभाराचे आकलन दुसऱ्या मताने अधिक होते.

केंद्राच्या स्थानिक स्वरूपावर १९७६ व १९९७ च्या या दोन्ही बदलांपेक्षा खोल परिणाम झाला तो १५ ऑगस्ट १९८२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. संध्याकाळचा सर्वाधिक प्रेक्षकांचा वेळ त्यानंतर दिल्लीहून येणाऱ्या सहक्षेपणाकडे गेला. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ यांसारख्या कार्यक्रमांनी पहिल्या दशकात मराठी रंगभूमी, साहित्य आणि शेती यांचे जे दालन उभे केले, त्याच्या वाट्याला आता उरलेला वेळ आला. मराठी दूरचित्रवाणीचे हे मोठे नुकसान मानावे लागते, आणि ते कोणत्याही हस्तांतरणाविना, केवळ वेळापत्रकातील फेरबदलाने झाले.

उपग्रहाद्वारे प्रसारित होणारी स्वतंत्र मराठी वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली. २००० च्या सुमारास तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोपर्यंत १९९९ मध्ये अल्फा मराठी ही खासगी वाहिनी सुरू झाली होती, २००० मध्ये ई टीव्ही मराठी तिच्या जोडीला आली, आणि मराठी दूरचित्रवाणीवरील वरळी केंद्राचा एकाधिकार संपुष्टात आला.