ही क्लिप कुठली, कधीची? व्हिडिओवरून शोध घेणाऱ्या पत्रकारितेची पार्श्वभूमी

पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर क्लिपा पडायला सुरुवात होते, ४३ ची धोका पातळी ओलांडली की मग विचारूच नका, आणि त्यात २०१९ च्या पुराच्या असतात, २०२१ च्या असतात, काही तर कोल्हापूरच्याच नसतात. ही क्लिप कुठली आणि कधीची, हे दोन प्रश्न धरून बसायचं आणि उत्तर असं मांडायचं की वाचणाऱ्याला घरबसल्या ते पडताळून बघता यावं, याला ओपन सोर्स तपास म्हणतात. आज जगभर पत्रकार यावर पूर्णवेळ काम करतायत. आपल्याकडे मात्र बऱ्याच जणांना अजून हे हॅकिंग वाटतं. तसं अजिबात नाही, कुणाचा पासवर्ड फोडायचा नाही की कुणाच्या फोनमध्ये शिरायचं नाही, सगळ्यांसमोर पडलेलं आहे तेच बघायचं, पण नीट बघायचं.

उघड माहितीवरून अंदाज बांधायची सवय तशी जुनीच. बीबीसीनं १९३९ मध्ये परदेशी रेडिओ ऐकून नोंदी ठेवणारा विभाग सुरू केला, अमेरिकेनं १९४१ मध्ये. १९७२ ला जमिनीचे फोटो काढणारा लँडसॅट उपग्रह वर गेला, आणि १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा सोव्हिएत सरकार फारसं काही सांगत नव्हतं तरी उपग्रहाचे फोटो टीव्हीवर आले. पण हे सगळं मोठ्या संस्थांच्या हातात होतं. २००५ ला गूगल अर्थ आणि यूट्यूब दोन्ही आले, पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, आणि तिथून खरी गोष्ट बदलली.

इंग्लंडमधल्या लेस्टरचा एलियट हिगिन्स नावाचा माणूस, ना पत्रकार ना अरबी येत होतं, २०१२ पासून घरात बसून सीरियातल्या युद्धाचे व्हिडिओ बघून त्यातली शस्त्रं ओळखायला लागला. जुलै २०१४ मध्ये त्यानं बेलिंगकॅट ही असा तपास करणारी वेबसाइट सुरू केली आणि त्याच महिन्यात १७ तारखेला युक्रेनवर एमएच १७ हे मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. रस्त्यावरून जाता जाता लोकांनी सहज काढलेले फोटो आणि व्हिडिओ एकापुढं एक लावून बेलिंगकॅटनं ते विमान पाडणाऱ्या बुक नावाच्या मिसाइलचं वाहन रशियन सैन्याच्या ५३ व्या ब्रिगेडपर्यंत नेऊन भिडवलं, आणि २०१८ ला आंतरराष्ट्रीय तपास पथकानंही तेच सांगितलं.

माझ्या मते मात्र ही पद्धत समजून घ्यायची असेल तर कॅमेरूनचं प्रकरण बघावं. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला, सैनिक दोन बायकांना आणि दोन लहान लेकरांना वाटेनं चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. सरकार म्हणालं हे फेक आहे, आमच्याकडचं नाहीच. बीबीसीच्या आफ्रिका आय या शोधपत्रकारितेच्या टीमनं काय केलं, व्हिडिओच्या सुरुवातीला मागं डोंगराची रांग दिसते तिचा आकार धरला आणि गूगल अर्थवरच्या डोंगरांशी जुळवत बसले, शेवटी ती रांग उत्तर कॅमेरूनमधल्या झेलेवेत गावाजवळ सापडली. मग घरं, झाडं, पायवाटा एकेक जुळवली. तारखेसाठी उपग्रहाच्या जुन्या फोटोत कुठलं बांधकाम कधी दिसतं ते पाहिलं, सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला, आणि २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ एवढ्या मुदतीत घटना आणून बसवली. सप्टेंबर २०२० मध्ये चार सैनिकांना १० वर्षांची शिक्षा झाली. त्या लेकरांच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणी नव्हतं हो, एक डोंगर होता.

आपल्याकडे याची गरज पडली ती रक्त सांडल्यावर. २०१३ ला मुझफ्फरनगरच्या दंगलीत जो व्हिडिओ फिरवला तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा, २०१० चा होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, मंगळवेढ्याकडची गरीब माणसं ती. त्या दिवसांत महाराष्ट्रात फिरणाऱ्या क्लिपांमध्ये सीरियातल्या विषारी वायूहल्ल्यात गेलेल्या मुलांचे फोटोसुद्धा होते, पळवून नेऊन यांच्या किडन्या काढल्या असं सांगत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. कोल्हापूरनंही जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक आणि इंटरनेट बंदी बघितलीय.

आता पुराकडं येऊ, कारण इथं पुस्तकातल्या युक्त्या अर्ध्याच चालतात. ऑगस्टमध्ये आभाळ गच्च, सावलीच नाही तर कोन कसला काढणार. साधा सॅटेलाइट फोटो मागितला तर पांढरे ढग मिळतात. म्हणून २०१४ पासून फिरत असलेल्या सेंटिनेल १ सारख्या उपग्रहांचा रडार कामी येतो, तो ढगातून आरपार बघतो, साचलेलं पाणी काळं दाखवतो, आणि डेटा फुकट मिळतो. बाकी सगळं गाव ओळखण्यावर. शिवाजी पुलाशेजारी आता नवा पूल आहे, त्यामुळे दोन्ही दिसायला पाहिजेत अशा जागेवरून एकच दिसत असेल तर क्लिप जुनी. शिरोलीचा हायवे कुठून कुठवर बुडतो, मागं दिसतोय तो जोतिबाचा डोंगर की दुसराच कुठला, हे इथल्या माणसाला एका नजरेत कळतं, लंडनच्या टीमला दोन दिवस लागतील. बाबुराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा बनवला ते हे गाव, इथल्या पोरांनी हे काम शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आणि शिकताना पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाइल जपणं. २०१७ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिबियाच्या एका कमांडरवर वॉरंट काढलं ते बऱ्याच अंशी सोशल मीडियावरच्या व्हिडिओंवरून. आपल्या जालन्याचंच बघा, २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून हायकोर्टात गेला, २०१७ ला निवडणूक रद्द झाली, आणि त्याच खटल्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतंच. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आलाय, त्यात कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा ओळख आकडा, पण द्यायची आहे, फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी आकडा बदलतो आणि पकडलं जातं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, त्यातली तारीख आणि लोकेशनची माहिती सहसा उडून जाते. २०१९ च्या पुराच्या ओरिजिनल क्लिपा अजून कित्येकांच्या ड्रॉवरमधल्या जुन्या फोनमध्ये असतील, त्या फोनची बॅटरी मरायच्या आत केबल लावून उतरवून घ्या, आणि कुणाला व्हॉट्सॲपवर द्यायची वेळ आली तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून द्या, म्हणजे ती दाबली जात नाही.