भावाकडे असलेली पॉवर ऑफ अटर्नी रद्द कशी करायची, आणि वडील गेल्यावर तिचं काय होतं

वडिलांचे गुडघे गेले, तालुक्याला चकरा नकोत म्हणून मोठ्या मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (म्हणजेच पॉवर ऑफ अटर्नी) करून दिलं आणि दोन वर्षांनी धाकट्याला कळतं की रोडटच जमीन विकून पण झाली. बऱ्याच घरात भांडण इथूनच सुरू होतं.

मुखत्यार (ज्याच्या नावाने पत्र दिलंय तो) म्हणजे मालक नाही. नुसत्या पॉवर ऑफ अटर्नीवर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लँप केसमध्ये स्पष्ट केलंय. पण पत्रात विक्रीचा अधिकार दिलेला असेल आणि वडील हयात असताना त्याने रजिस्टर खरेदीखत केलं असेल तर ते सहजासहजी मोडत नाही, त्यामुळे आधी पत्र हातात घेऊन नीट वाचा.

रद्द करायचा अधिकार फक्त देणाऱ्याचा, म्हणजे वडिलांचा. तुम्ही मुलगा असलात तरी त्यांच्या वतीने रद्द करता येत नाही. आणि मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल (पैसे घेऊन बिल्डरला दिलेली असते तशी) तर वडिलांनाही ती मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही.

बाकी प्रोसेस सोपी आहे. वकिलाकडून रद्दपत्र लिहून घ्या, स्टॅम्प लावा आणि मूळ पत्र जिथे नोंदलंय त्याच दुय्यम निबंधक ऑफिसात नोंदवा. आधार, पॅन, फोटो, ओळखपत्रासह दोन साक्षीदार आणि मूळ मुखत्यारपत्र लागतं. मूळ पत्र हमखास मोठ्याच्या कपाटात असतं, मग सर्टिफाईड कॉपी काढा. वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर गृहभेटीसाठी अर्ज करा, अधिकारी घरी येऊन सही घेतात.

लोक इथेच थांबतात आणि फसतात. रद्द झाल्याचं मुखत्याराला आणि समोरच्या पार्टीला कळेपर्यंत ते त्यांच्यापुरतं लागू होत नाही, म्हणून मुखत्याराला रजिस्टर एडीने नोटीस, पेपरात जाहीर सूचना, आणि बँक, सोसायटी, तलाठी सगळ्यांना एकेक कॉपी, पोच घेऊन.

वडील वारले तर सहसा रद्दपत्राची गरजच नाही, देणारा गेला की मुखत्यारी संपली. तरी दस्त होतात. मुखत्याराने दस्त करताना देणारा हयात आहे आणि पत्र रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र द्यावं लागतं, ते खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे मृत्यू दाखला आणि त्या घोषणापत्राची कॉपी, ही दोनच कागदं पोलीस कंप्लेंटला फार कामी येतात.

विक्रीचा संशय असेल तर आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) ई-सर्चवर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघा आणि 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या साईटवर फेरफाराची (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची) नोटीस. नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस, तलाठ्याकडे लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) 60 दिवसात अपील. पण फेरफार अडवला म्हणजे खरेदीखत रद्द झालं असं नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लागतो, तोही कळल्यापासून 3 वर्षात, आणि दाव्यासोबत मनाईहुकूमाचा अर्ज लगेच टाका, नाहीतर घेणारा पुढे तिसऱ्याला विकून मोकळा होतो.