टू बीएचके की थ्री? फ्लॅट पाहायला निघण्याआधी हे वाचा

पुण्यात फ्लॅट शोधणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब आम्हाला विचारतं, "आमच्या बजेटमध्ये टू बीएचके घ्यावा की थ्री?" उत्तर आम्ही देतोच, पण आधी तुमच्या राहत्या घराची मापं मागतो. काहींना ते आवडत नाही. "आधी फ्लॅट दाखवा, मापांचं नंतर बघू," असं म्हणतात. तरीही मापांशिवाय आम्ही साइट व्हिजिट ठरवत नाही, आणि ते तुमच्याच सोयीसाठी आहे.

खरा घोळ चौरस फुटांचा असतो. जुन्या फ्लॅटच्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ, किंवा सुपर बिल्टअप लिहिलेलं असतं. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही धरलेला असतो. रेरा हा घरबांधणी प्रकल्पांचा कायदा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या प्रकल्पात कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ, सांगावं लागतं. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत.

आता ९५० सुपर बिल्टअपच्या घरात राहणाऱ्यांना आम्ही ७२० कार्पेटचा फ्लॅट सुचवला, की "एवढा लहान?" म्हणून ते पाहायलाही येत नाहीत. कार्पेटवर चाळीस टक्के लोडिंग, म्हणजे भिंती आणि सामाईक जागांची वाढ, धरलं तर त्यांच्या राहत्या घराचं कार्पेट ६८०च्या आसपास भरतं. म्हणजे नाकारलेलाच फ्लॅट मोठा होता! मग महिनोन्‌महिने हिंडून मंडळी पुन्हा तिथेच येतात, तोवर हवा तो मजला गेलेला असतो. तेव्हा तुलना कार्पेटची कार्पेटशीच करा आणि बाल्कनीचा आकडा वेगळा मागून घ्या. करारात चौरस मीटर असतील तर १०.७६४ ने गुणा, ६६.९ चौरस मीटर म्हणजे ७२० चौरस फूट.

एकूण आकडा जमला तरी खोल्या बघाव्याच लागतात. १० बाय ११ ची बेडरूम कागदावर बरी वाटते. किंग साइज पलंग ६ फूट रुंद, साडेसहा फूट लांब. दहा फुटांच्या बाजूने तो लांबीत ठेवला आणि समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केलं, की मधे उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडायचं तर माणसाने पलंगावर बसायचं. अकरा फुटांच्या बाजूने ठेवला तर अडीच फूट मिळतात. पण तिकडे खिडकी किंवा बाथरूमचं दार आलं, की तीही सोय गेली. म्हणून आम्ही प्लॅनवर तुमचा पलंग, कपाट, डायनिंग टेबल मापाने आखून दाखवतो. सँपल फ्लॅट पाहून हा अंदाज येत नाही.

खोल्या किती, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आई-वडील कायमचे सोबत राहणार असतील तर तिसरी खोली घ्याच, लहान असली तरी चालेल. फक्त टॉयलेट तिच्या जवळ हवं. घरात तिघं-चौघं आणि मुलं लहान असतील, तर तेवढ्याच कार्पेटच्या कोंदट थ्री बीएचकेपेक्षा ऐसपैस टू बीएचके सुखाचा. पाहुण्यांसाठी म्हणून खोली घेऊ नका. तिचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो.

मेंटेनन्सचंही विचारून घ्या. सहकारी सोसायटीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत मात्र मालकी हिश्श्याप्रमाणे आकारणी होते, म्हणजे फ्लॅट मोठा तर खर्चही मोठा.

तर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: प्रत्येक खोलीची भिंत ते भिंत लांबी-रुंदी, मोठ्या फर्निचरची मापं, आणि पुढच्या पाचेक वर्षांत घरात कोण येणार, कोण बाहेर जाणार. टेप धरायला वेळ नसेल तर आमचा माणूस घरी येऊन मापं घेईल, त्याचे पैसे नाहीत. मापं आली की जुळणारे तीन-चारच फ्लॅट दाखवतो. त्या फेरीला घरातल्या मोठ्यांनाही घेऊन या. टोकनबद्दल त्यानंतर बोलू. आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.