फुटक्या टाइलची नक्षी: पार्श्वभूमी

गच्चीवर गवंडी पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवतात, त्याला आपण चायना मोझॅक म्हणतो. ऊन परतवायचं आणि पाणी मुरू द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. याच जातीच्या कामाला बार्सिलोनात अमूर्त कलेचं रूप आलं. तिथे त्याला 'त्रेंकादिस' म्हणतात. कातालान भाषेत 'त्रेंकार' म्हणजे फोडणं.

तिथल्या अंतोनी गौदी या वास्तुकाराने हे तंत्र प्रथम ग्वेल या धनिक कुटुंबाच्या बागेतल्या इमारतींवर वापरलं, 1884 ते 1887 या काळात. कारण अगदी व्यवहारी होतं. चौकोनी सपाट टाइल गोलाईवर बसत नाही, कडा उचलल्या जातात. ती फोडली, की तुकडे वळणाबरोबर वळतात. कारखान्यातला टाकाऊ मालही त्यात खपत असे. काटकसरीची गोष्ट सगळे सांगतात, पण माझ्या मते खरी गरज त्या वळणाचीच होती.

पुढे बार्सिलोनातल्याच पार्क ग्वेल या उद्यानात (1900-1914) सुमारे 110 मीटर लांबीचा नागमोडी बाक झाला. त्यावरची नक्षी मुख्यतः गौदीचा सहकारी जुजेप मारिया जुजोल याची. फुलापानांच्या छापील टाइल फोडल्यावर मूळ चित्र हरवतं, उरतात रंग आणि रेषांचे अवशेष. जुजोलने ते पुन्हा जुळवले नाहीत, शेजारी शेजारी ठेवले. तरीही बाकाजवळून चालताना निळ्याचा एक पट्टा, हिरव्याचा एक पुंजका दिसतच राहतो. मला या बाकाची सगळ्यात मोठी किमया हीच वाटते.

डोळा असं का करतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरने 1923 मध्ये केली. जवळच्या, सारख्या दिसणाऱ्या, एका ओघात जाणाऱ्या खुणा आपण आपोआप एकत्र धरतो. त्याची उदाहरणं साध्या ठिपक्यांची आणि रेषांची होती. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला ती लगेच कळली असती. जुजोलचा बाक त्याआधीच पुरा झाला होता.

पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत हेच साहित्य वापरलं. 'संगाथ' या त्यांच्या कार्यालयाच्या कमानदार छतांवर पांढरे तुकडे आहेत. 1990 च्या दशकात एम. एफ. हुसेन यांच्यासाठी बांधलेल्या 'अमदावाद नी गुफा'च्या घुमटांवर त्याच तुकड्यांमधून एक काळा नाग सरपटत जातो. जवळून पाहिलं तर ठिकऱ्या, चार पावलं मागे सरलं की नाग.