तरण तलावावर पर्यवेक्षक व्हायचंय? प्रशिक्षण, पात्रता आणि कागदपत्रं

खानदेशात पट्टीच्या पोहणाऱ्यांची कमी नाही. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी आणि मळ्यातल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या पोरं पोहायला शिकली. पण सार्वजनिक तरण तलावावर काम मागायला गेलात की आधी प्रमाणपत्र विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. डोकं मागे कलतं, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होतं, पाय चालत नाहीत आणि बघता बघता तो खाली जातो. शेजारच्यालाही कळत नाही. ही नजर नुसत्या पोहण्यातून येत नाही, शिकावी लागते.

म्हणून सुरुवात जीवरक्षक प्रमाणपत्रापासून करा. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी (भारत) तलावावरच्या जीवरक्षकांना प्रशिक्षण देऊन परीक्षा घेते. बुडणाऱ्यापर्यंत पोहोचणं, त्याच्या मिठीतून सुटणं, मानेला धक्का न लावता बाहेर काढणं आणि सीपीआर (श्वास व हृदय थांबलेल्याची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) हा अशा प्रशिक्षणाचा गाभा. सीपीआर नीट घोटून घ्या: मोठ्या माणसाच्या छातीवर किमान 5 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने 30 दाब, मग 2 श्वास. बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूच संपलेला असतो, त्यामुळे त्याला आधी श्वास द्यायचे, मग दाब.

पोहायला शिकवायचंही असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. बोलताना सगळे त्याला ‘एनआयएस’ म्हणतात. ते प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे, जीवरक्षकाचं नव्हे. एकावर दुसऱ्याचं काम भागवू नका.

पर्यवेक्षकाकडे पाण्याचीही जबाबदारी येते. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 7.2 ते 7.8 आणि मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरिन 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग), एवढं रोज तपासून नोंदवहीत लिहायचं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात क्लोरिन झपाट्याने उडतं. सकाळी बरोबर असलेलं पाणी दुपारच्या बॅचला तसंच असेल असं धरू नका, पुन्हा तपासा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पीएच वर सरकला की क्लोरिन असूनही त्याचा जोर कमी पडतो. आणि एक गोष्ट हाताखालच्या प्रत्येकाला बजावून ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एका बादलीत कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून निघणारा क्लोरिन वायू जीव घेऊ शकतो.

कागदपत्रांत आधार कार्ड, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती तयार ठेवा. वय 18 पूर्ण हवं. वैद्यकीय दाखला एमबीबीएस डॉक्टरांचाच घ्या आणि त्यात नजर, कान, हृदय व फिट येत नसल्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. नुसतं ‘तंदुरुस्त’ लिहिलेला कागद परत येऊ शकतो. तलावावर लहान मुलं असतात, म्हणून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही काढा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणीला वेळ जातो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

अर्ज कुठे द्यायचा हे तलाव कोणाचा आहे त्यावर ठरतं. जळगाव आणि धुळ्यात महापालिका, नंदुरबारसारख्या ठिकाणी नगरपरिषद, आणि क्रीडा संकुलातल्या तलावासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. तलाव ठेक्याने दिलेला असेल तर नेमणूक ठेकेदार करतो. अशा वेळी नेमणूकपत्र लेखी मागा आणि एका पाळीला किती जीवरक्षक असतील हे त्यात लिहून घ्या. एकट्याच्या भरवशावर भरलेला तलाव सोपवत असतील तर ते काम घेऊ नका.

उन्हाळी बॅच एप्रिलमध्ये सुरू होतात. प्रशिक्षण डिसेंबर-जानेवारीत उरकलं तर फेब्रुवारीत अर्ज देता येतो. प्रमाणपत्रावरची मुदत बघून ठेवा आणि ती संपण्याआधी सीपीआरची उजळणी करून नूतनीकरण करून घ्या.